गुरुवारचा फ्लॉवर

ऑरेंज चिकन नावाचा पदार्थ चीनमध्ये कोणी खात नाही, हे मला तो वाढणाऱ्या टॅमबाईंनीच सांगितलं. अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळावर एक चायनीज जेवणाचं दुकान आहे. तिथे दिव्यांखाली गरम ठेवलेल्या स्टीलच्या चौकोनी भांड्यांमागे त्या उभ्या असतात. त्यांचं माहेर चीनमधल्या ग्वांगडाँगचं. आमच्याकडे हे कोणाला वाढलं तर तो विचारेल की मिठाईत कोंबडी कशी पडली, असं त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटलीत एक डाव जास्तच घातला. मला त्याचं नवल वाटलं नाही. लातूरच्या बसस्टँडसमोर गाड्यावर जे चायनीज मिळतं, तेही चीनमधल्या माणसाला ओळखू येणार नाही.

मी पवनचक्क्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करतो. सोमवारी ओमाहातल्या घरून निघायचं, चार दिवस कुठल्यातरी माळरानावर उंच खांबाच्या टोकाशी बसून तेलात हात घालायचे आणि गुरुवारी संध्याकाळी डेन्व्हरला विमान बदलून घरी परतायचं. दोन विमानांच्या मधे चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली दहा चालण्यात जातात, दहा रांगेत. उरलेल्या वीस मिनिटांत भात, नूडल्स आणि ते तांबूस, चिकट, संत्र्याच्या वासाचं चिकन बॅगेवर ताटली ठेवून खायचं. एकटा माणूस, घरी कोण वाट पाहणार आहे, म्हणून आठवड्यातलं माझं खरं गरम जेवण तेवढंच.

गेले आठ महिने हे जेवण मी एकटा जेवत नव्हतो.

माझी आई, शिवकांताबाई हत्तरगे, निलंग्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे राहायची. नंदा तिथल्या शाळेत शिक्षिका. दीड वर्षापूर्वी आईला अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला कॅन्सर निघाला. किरणांचे उपचार झाले, गाठ दबली, पण घास खाली उतरेना. डॉक्टरांनी पोटाला नळी बसवली. नंदा दिवसातून पाच वेळा त्या नळीतून पातळ अन्न सोडायची. भूक भागत होती, वजनही थोडं धरलं होतं. पण किरणांनी जिभेवरच्या स्वादाच्या पेशी जळाल्या होत्या आणि लाळ आटली होती. नंदानं मधाचं बोट चाटवलं तर आई म्हणायची, लाकडाचा भुसा हाय. जिच्या हातची शेंगाचटणी न्यायला सोलापूरहून पाहुणे डबे घेऊन यायचे, त्या बाईला आता मीठ आणि साखर यातला फरक कळत नव्हता. दुखण्याबद्दल ती कधी बोलली नाही. एवढंच म्हणायची, "पोट भरायलंय, पण जेवल्यासारखं वाटंना."

त्याच सुमारास दूरस्वादाचं यंत्र बाजारात आलं.

तत्त्व तसं साधं आहे. चव जिभेवर कळत नाही, मेंदूत कळते. जिभेवरच्या पेशी फक्त निरोप पाठवतात: गोड किती, आंबट किती, खारट किती. तो निरोप विजेच्या बारीक ठोक्यांच्या रूपात मज्जातंतूंतून वर जातो. बाकीचं काम वासाचं. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो. म्हणून तर सर्दी झाली की बासुंदीही पाण्यासारखी लागते. आईच्या पेशी जळाल्या होत्या, तंतू शाबूत होते. निरोप लिहिणारा कारकून गेला होता, टपाल चालू होतं.

यंत्राचे दोन भाग. जेवणाऱ्यानं टाळूला एक पातळ पापुद्रा चिकटवायचा. तो घासाची चव आणि वास मोजतो आणि फोनवरून पुढे पाठवतो. घेणाऱ्याच्या जिभेखाली तसाच पापुद्रा असतो. तो तंतूंना अगदी सौम्य ठोके देतो, आणि गळ्यात अडकवलेली डबी त्याच वेळी मोजून वास सोडते. दोन सेकंदांचा उशीर होतो, बस. नंदा त्या पापुद्र्याला साय म्हणायची. मग आम्ही सगळेच म्हणू लागलो.

अडचण एकच होती. प्रत्येकाच्या ठोक्यांची भाषा वेगळी असते. माझं गोड तुम्हाला तुरटही लागू शकेल. म्हणून देणारा आणि घेणारा यांची आधी तीन आठवडे जुळणी करावी लागते, आणि एकदा मेंदूनं एकाची भाषा शिकली की वर्षभर दुसऱ्याची शिकता येत नाही. रक्ताच्या नात्यात जुळणी चांगली होते असं सांगितल्यावरून मी रजा काढून लातूरला गेलो. चाचणीत नंदाचा आकडा एक्केचाळीस आला, माझा त्र्याऐंशी. जन्मभर आईचं करणारी नंदा, आणि जीभ जुळली ती माझ्याशी. आईची जीभ तुझ्याकडंच जायची होती, तिखट ती, असं ती हसून म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, मला ते दिसलं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात इष्टलिंग, सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि मांसाहार म्हणजे घराच्या चार गल्ल्या पलीकडची गोष्ट. अमेरिकेत आल्यावर मी सगळं खाऊ लागलो आणि अकरा वर्षांपूर्वी, खरं बोलण्याची हौस म्हणून, आईला तसं सांगितलं. ती ओरडली नाही. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा माझी ताटली आणि तांब्या वेगळा होता. जेवण झालं की ती दोन्ही भांडी परसात न्हाणीच्या कट्ट्यावर पालथी पडायची, घरातल्या भांड्यांत मिसळायची नाहीत. वाढताना हात तोच, माया तीच, पण ताटली वेगळी. मला ते फार लागलं होतं. अकरा वर्षांत मी चारदा घरी गेलो, त्याचं कारण रजा नव्हे, ती ताटली.

जुळणी झाल्यावर मी परत आलो तो मनाशी ठरवूनच, की आईसाठी जेवायचं ते शुद्ध शाकाहारी. रविवारी ओमाहात वरण-भात करायचा, साय लावायची, फोन जोडायचा. पहिल्याच रविवारी परतीच्या विमानानं दगा दिला आणि मी घरी न जाता थेट कामावर गेलो. साय मात्र तोंडात होती, कारण ती पाच-पाच दिवस काढायची नसते. आणि गुरुवारी टॅमबाईंच्या दुकानात, सवयीनं, डोकं दुसरीकडे ठेवून मी ऑरेंज चिकनचा घास तोंडात घातला. जबडा हलला की यंत्र आपोआप सुरू होतं, हे मी सपशेल विसरलो होतो.

माझी गुरुवारची संध्याकाळ म्हणजे निलंग्यातली शुक्रवारची पहाट. आई पाचला जागीच असायची, आणि त्या पहाटे नंदा तिला पहिल्यांदाच साय लावून बघत होती. मी चौथा घास घेत होतो तेव्हा फोन वाजला. आई रडत होती. मला वाटलं, काहीतरी झालं.

"संगू, काय खायलास रे?" ती म्हणाली. "सात महिन्यांनी तोंडाला चव आली बग. गोड हाय, आंबट हाय, तळल्यालं काय तरी हाय. काय हाय रे ते?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोर ताटली, ताटलीत कोंबडी, आणि पलीकडे सात महिन्यांनी जेवलेली आई. खरं बोलण्याची हौस एकदा फिटली होती. नंदाच्या लग्नात आईनं गोबी मंचुरियन चाखलं होतं आणि तिला ते आवडलं होतं, एवढं मला आठवलं.

"फ्लॉवर हाय, आई," मी म्हणालो. "चायनीज पद्धतीचा."

तिनं नाक पुसलेलं मला ऐकू आलं. मग म्हणाली, "मग खा की. थांबलास कशाला?"

साय फक्त चव आणि वास नेते, घासाचा मऊपणा-चिवटपणा नेत नाही. त्यामुळे पकडलं जाण्याची भीती नव्हती. मी ताटली चाटून-पुसून संपवली.

पुढच्या रविवारी मी वरण-भात केला. आईनं तो पूर्ण ऐकून घेतला, म्हणजे चाखून घेतला, आणि म्हणाली की यात हिंग नाही, गूळ नाही, मीठही घाबरत घातल्यालं हाय, तू गुरुवारचंच खा. मग मी खरोखरचा फ्लॉवर आणून, संत्र्याचा रस आणि सोया सॉस घालून तसलाच प्रकार करून पाहिला. तोही नापास झाला. आंधळा मागतो एक डोळा अशातली ती नव्हती, तिला तिचाच डोळा हवा होता. गुरुवारचा फ्लॉवर.

असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी आईशी जेवढं बोललो तेवढं मागच्या अकरा वर्षांत बोललो नव्हतो. वीस मिनिटं, दर गुरुवारी. ती विचारायची, आज वाढणारी बाई तीच हाय का, आज गोड जरा जास्त झालंय, तिला सांग. मी टॅमबाईंना सांगायचो, त्या हसून मान हलवायच्या. नूडल्स गांडुळासारखे दिसतात म्हणून आईला आवडायचे नाहीत, पण इथं डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून चालतात असं ती म्हणायची. मी कॉफी सोडली, कारण कडू घोट तिला पहाटे-पहाटे जायचा. घास हळू चावायला शिकलो. दिवाळीला मी यायचं म्हटलं तर तिनं नको म्हणून सांगितलं. नोकरी सांभाळ, तिकडंच बरा हायस.

मला छळणारी गोष्ट मला नंदानं सहज बोलता बोलता सांगितली. आई शुक्रवारी आता चारलाच उठते. नंदाकडून अंग पुसून घेते, विभूती लावते, तळहातावर लिंग घेऊन पूजा करते. कारण पूजेशिवाय जेवायचं नाही, आणि पाचला संगूचं जेवण येतं.

मी स्वतःशी बरीच वकिली केली. तिच्या तोंडात कणसुद्धा जात नाही. तिनं कोणाला मारलं नाही, कोणाला शिजवलं नाही. नुसते विजेचे ठोके आणि डबीतले वास, त्यात कसली कोंबडी? असा प्रश्न कुठल्या शास्त्रात कोणी लिहून ठेवला असण्याची शक्यता नव्हती, कारण असं यंत्रच कधी नव्हतं. पण वकिली कितीही चांगली असली तरी एक गोष्ट उरायची. मांस खाणाऱ्या मुलाची ताटली जिनं घराबाहेर ठेवली, ती आई आता आंघोळ-पूजा करून त्याच मुलाच्या तोंडातून जेवत होती, आणि ते तिला माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात गाठ पुन्हा वाढली. बुधवारी मी खांबावर असताना नंदाचा फोन आला. डॉक्टर म्हणतात दोन दिवस, फार तर तीन. शुक्रवारी सकाळी जंगमस्वामींना बोलावलंय, ते विभूती लावतील, शेवटचं पवित्र पाणी, पादोदक, देतील. तू निघ. मी निघालो. गुरुवारी संध्याकाळी डेन्व्हरहून फ्रँकफर्ट, तिथून हैदराबाद, मग गाडीनं निलंगा. सगळं धरून दीड दिवस.

विमानतळावर पोहोचलो तेव्हा हातात अर्धा तास होता. मला भूक नव्हती. पण नंदानं कळवलं होतं की आईनं चारला उठून पूजा केलीय आणि साय लावून बसलीय. बसलीय म्हणजे उशीला टेकवलीय. म्हणून मी रांगेत उभा राहिलो. पुढे दोन मुलांना घेऊन एक बाई होती, काय घ्यायचं ते त्यांचं ठरत नव्हतं, आणि मी घड्याळ बघत तिच्यावर मनातल्या मनात चिडत होतो. टॅमबाईंनी माझा चेहरा बघून काही न विचारता नेहमीचं वाढलं.

टेबल मिळालं नाही. बॅग उभी करून तिच्यावर ताटली ठेवली आणि काट्याला एक तुकडा टोचला. नंदानं फोन आईच्या कानाला लावला.

"काय खायलास, संगू?" आवाज अगदी आत गेला होता.

मी तुकडा तोंडाजवळ नेला, आणि मला ते जमेना. तीन-चार तासांत स्वामी येणार होते. तिला अभंग व्रताची बाई म्हणून पादोदक देणार होते. आणि त्याआधीचा तिचा शेवटचा घास, माझ्या खोट्यातून गेलेला, कोंबडीचा असणार होता. आठ महिने मी तिला फसवलं ते ती जगत होती म्हणून, असं समजून चालता येत होतं. पण मरणाऱ्या माणसाला फसवून पाठवायचं, हे मला सहन होईना. निदान त्या क्षणी मला तसंच वाटलं.

"आई," मी म्हणालो, "हा फ्लॉवर नाही. कधीच नव्हता. चिकन आहे. पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोललो."

माझ्या मागे कोणाच्या तरी विमानाची घोषणा चालू होती. मी तिची माफी मागितली, दोनदा मागितली.

"बरं," आई म्हणाली. मग म्हणाली, "विमान किती वाजता हाय?"

मी सांगितलं.

"नीट ये."

फोनच्या पडद्यावर सायीचा हिरवा ठिपका विझला. पलीकडची साय काढली गेली होती. मी ताटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि विमानात जाऊन बसलो. रडू येत होतं, पण खोटं कशाला सांगू, छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. ती रागावली असेल तर रागावू दे, पण खरं कळून जाईल, असं मी अटलांटिक संपेपर्यंत स्वतःला समजावत होतो.

फ्रँकफर्टला उतरल्याबरोबर मी एक साधा पाव आणि लोणी घेतलं. त्यात काही नव्हतं, कोणालाही चालेल असं अन्न. नंदाला फोन केला. स्वामी येऊन गेले होते, पादोदक झालं होतं, आई शांत पडून होती. मी नंदाला म्हणालो की आईला साय लाव, नुसता पाव-लोणी आहे. तिनं आईला विचारलं. आई नको म्हणाली. मी तरीही त्या टेबलावर बसून सगळा पाव खाल्ला. ठिपका हिरवा झाला नाही.

दिवेलागणीला, मी कुठेतरी काळ्या समुद्रावर असताना, आई गेली.

शनिवारी सकाळी निलंग्याला पोहोचलो. माझ्यासाठी सगळे थांबले होते. आमच्यात दहन नसतं, बसवून पुरतात. तिला फुलांत बसवलं होतं, कपाळभर विभूती होती, आणि चेहरा नाराज माणसाचा नव्हता. ते बघून मला धीर आला. दुपारी तिला शेतात पुरून परत आल्यावर, पाहुणे बाहेर मंडपात असताना, मी आतल्या खोलीत नंदाला सगळं सांगितलं. म्हणालो की निदान मी तिला अंधारात ठेवून पाठवलं नाही.

नंदा आईचं अंथरूण गुंडाळत होती.

"तिला पहिल्या दिवशीच माहीत झालं होतं, दादा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. घेणाऱ्याला कशाची ॲलर्जी असू शकते, म्हणून त्याच्या बाजूच्या फोनवर प्रत्येक जेवणाची यादी येते. कायद्यानंच यावी लागते. पाठवणाऱ्याला ती दिसत नाही. पहिल्या शुक्रवारी आई रडत माझ्याशी बोलायच्या आधीच नंदानं ती यादी, शिकवायच्या सवयीनं, मोठ्यानं वाचली होती: कोंबडी, गहू, सोया, लसूण, संत्र्याची साल. आईनं ऐकली होती. तरी तिनं मला फोन लावायला सांगितला आणि विचारलं की काय हाय ते. मी फ्लॉवर म्हणालो.

फोन ठेवल्यावर नंदा म्हणाली होती की उद्याच दादाला सांगते, दुसरं काही खा म्हणून. आईनं तिला शपथ घातली. तो फ्लॉवर म्हणायलाय ना, मग फ्लॉवरच हाय, असं आई म्हणाली. पोटच्या लेकराच्या शब्दावर विश्वास ठेवला तर पाप लागत नसतंय. त्यानंतर नंदानं यादी वाचायची बंद केली. दर शुक्रवारी आई पूजा करायची, मग मला विचारायची, आणि मी फ्लॉवर म्हटल्यावरच डोळे मिटायची. झाकली मूठ आठ महिने झाकलेली राहिली. दोघीही ती सांभाळत होत्या, आणि मला वाटत होतं की मीच सांभाळतोय.

"काल पहाटे तू सांगितलंस ना," नंदा म्हणाली, "तेव्हा तिनं आपल्या हातानं साय काढली. मला म्हणाली, धुवून ठेव. मी म्हटलं, आई, असू दे की, तुला काय नवं कळलंय? लाव, दादा अजून फोनवर हाय, तुला भूक हाय."

तिला मला टोचायचं नव्हतं, तिला आईचं बोलणं जसंच्या तसं सांगायची सवय आहे.

"तर म्हणाली, 'भूक हाय गं. पण आता त्यानं सांगितलं की. आता कसं खाऊ मी?'"